छातीवरचे वर्तमानपत्र

शर्यतीच्या सायकली बोलत असत, त्या काळची गोष्ट.

घामाने भिजलेला उद्धव घाटमाथ्यावर पहिला पोहोचला. पुढच्या उतारावर गारठला असता, तर शर्यत हातची गेली असती. त्याने चहावाल्याकडून कालचे वर्तमानपत्र घेतले आणि जर्सीत, छातीशी खुपसले.

"आजोबा, शिळ्या बातम्यांचे इथे काय काम?" उद्धवच्या सायकलचे चाक हसले.

"मलाही तीच शंका आहे बाबा," वर्तमानपत्र म्हणाले.

उतारावरच्या बोचऱ्या वाऱ्यात मागचे स्वार कुडकुडत ब्रेक दाबू लागले. वर्तमानपत्र वारा झेलत राहिले, घामाने भिजले, फाटले, पण छातीवरून हलले नाही. उद्धव उबेत राहिला आणि जिंकला.

"आजोबा, उद्या हे छापून येईल," चाक आता अदबीने म्हणाले.

"येऊ दे," लगदा झालेले वर्तमानपत्र म्हणाले. "मला मात्र ही बातमी सगळ्यांच्या आधी कळली. त्याच्या छातीतून."