इवलीचा तीळ आणि चांद्याची घंटा

एक होतं गुऱ्हाळ. तिथे ऊस पिळायचे. रस उकळायचा. गूळ व्हायचा. सगळीकडे गोड गोड वास यायचा.

तिथे एक मुंगी राहायची. तिचं नाव इवली.

तिथे एक बैल असायचा. त्याचं नाव चांद्या. कपाळावर पांढरा चांद होता ना, म्हणून चांद्या.

मुंगी एवढीश्शी. बैल एवढा मोठ्ठा. पण दोस्ती? एकदम घट्ट!

चांद्या घाणा ओढायचा. गोल गोल, गोल गोल. गळ्यातली घंटा वाजायची. घण घण, घण घण.

संध्याकाळी तो दमायचा. खाली बसायचा. मग हळूच हाक मारायचा, "इवले, आहेस का गं?"

इवली म्हणायची, "आहे की रे!"

रोज संध्याकाळी. "इवले, आहेस का गं?" "आहे की रे!"

एक दिवस काय झालं! चांद्याचा पाय पडला. कुठे पडला? इवलीच्या दारावर. दार मोडलं. चांद्याला दिसलंच नाही. एवढा मोठ्ठा पाय, एवढंसं दार!

इवली चिडली. आधीच लाल, आणखी लाल झाली.

"जा! तुझ्याशी कट्टी!"

चांद्याने मान खाली घातली.

त्या संध्याकाळी हाक आली नाही.

मग संक्रांत आली. तिळगूळ आला. इवलीचा राग केव्हाच पळाला होता. ती म्हणाली, "चांद्याला तिळगूळ देईन. बट्टी करीन. पण आज नको. उद्या."

उद्या झाला. "आज नको. उद्या."

परवा झाला. "आज नको. उद्या."

इवलीचा उद्या काही संपेना. पण तिळगुळाचे दिवस संपतात बरं! संक्रांतीला सुरू. रथसप्तमीला बंद.

आणि एका सकाळी रथसप्तमी आली.

गुऱ्हाळाच्या रकमाकाकीने तिळगुळाचा डबा झटकला. म्हणाली, "आज शेवटचा तिळगूळ. उद्यापास्नं न्हाई."

चांद्याचे धनी शिरपातात्या बाहेर बसले होते. ते म्हणाले, "ऊस बी संपला की वैनी. दिस कलला की छकडा जुंपतो. चांद्याला घेऊन जातो गावाकडं."

इवलीने ऐकलं. चांद्या जाणार? आजच? आणि कट्टी तशीच?

डब्यातून एक तीळ पडला होता. गुळात माखलेला. इवलीने तो उचलला. डोक्यावर घेतला. निघाली. तुरु तुरु तुरु.

वाटेत होती डोण. बैलांनी पाणी प्यायची दगडी डोण. पलीकडे चांद्या बांधलेला. इवली काठावरून निघाली. काठ होता ओला. पाय सटकला.

टुपुक!

तीळ गेला पाण्यात. पार तळाला गेला.

इवली रडायला लागली. मुंगीचं रडू केवढं? एवढंसं. पण खरं.

डोणीत एक बेडूक होता. नाक तेवढं वर.

इवली म्हणाली,

"बेडूकदादा, बेडूकदादा, उडी मार.
तू उडी मारशील, तर तीळ उडेल.
तीळ उडेल, तर चांद्याला देईन.
चांद्याला देईन, तर बट्टी होईल."

बेडूक म्हणाला, "डराँव! आज आठवण झाली होय? तहान लागल्यावर विहीर खणतेस? पाणी गार. माझे पाय गार. ऊन येईल, तर उडी मारीन. नाही तर नाही!"

पाण्यात गूळ विरघळत होता. थोडासा.

इवली निघाली. तुरु तुरु तुरु.

ऊन कुठे होतं? कौलांवर लोळत होतं.

"उन्हा रे, उन्हा रे, डोणीवर ये.
तू डोणीवर येशील, तर बेडूक उडी मारेल.
बेडूक उडी मारेल, तर तीळ उडेल.
तीळ उडेल, तर चांद्याला देईन.
चांद्याला देईन, तर बट्टी होईल."

ऊन म्हणालं, "त्या भांडणाला किती दिवस झाले! शिळ्या कढीला ऊत आणतेस? मला काय, मी येईन. पण मध्ये फांदी आहे. फांदी सरकेल, तर डोणीवर येईन. नाही तर नाही!"

पाण्यात गूळ विरघळत होता. आणखी थोडासा.

इवली निघाली. तुरु तुरु तुरु.

करंजाच्या झाडावर चढली. खूप उंच. खाली बघायची भीती वाटली. तिने बघितलंच नाही.

"फांदीताई, फांदीताई, बाजूला सरक.
तू बाजूला सरकशील, तर ऊन येईल.
ऊन येईल, तर बेडूक उडी मारेल.
बेडूक उडी मारेल, तर तीळ उडेल.
तीळ उडेल, तर चांद्याला देईन.
चांद्याला देईन, तर बट्टी होईल."

फांदी म्हणाली, "साप गेला आणि आता भुई धोपटतेस? वेळेवर यायचं होतं की! मी आपणहून सरकत नाही बाई. वारा उठेल, तर सरकेन. नाही तर नाही!"

पाण्यात गूळ विरघळत होता. अर्धा गेला.

इवली खाली उतरली. तुरु तुरु तुरु.

वारा कुठे होता? उसाच्या चिपाडांच्या ढिगात झोपला होता. घुर्र, घुर्र.

"वाऱ्या रे, वाऱ्या रे, झोपेतून ऊठ.
तू झोपेतून उठशील, तर फांदी सरकेल.
फांदी सरकेल, तर ऊन येईल.
ऊन येईल, तर बेडूक उडी मारेल.
बेडूक उडी मारेल, तर तीळ उडेल.
तीळ उडेल, तर चांद्याला देईन.
चांद्याला देईन, तर बट्टी होईल."

वाऱ्याने एक डोळा उघडला. म्हणाला, "आलं का वरातीमागून घोडं? मला रोज घंटा उठवते. आज वाजलीच नाही. घंटा वाजेल, तर उठेन. नाही तर नाही!"

आणि परत झोपला. घुर्र, घुर्र.

सावल्या लांब झाल्या. रकमाकाकीने कढई पालथी घातली. शिरपातात्या छकड्यावर बोचकी ठेवत होते. गूळ? गूळ अगदी जरासा उरला होता.

इवली पळाली. तुरु तुरु तुरु, तुरु तुरु तुरु!

घंटा कुठे होती?

चांद्याच्या गळ्यात.

इवली दाव्यावर चढली. मानेवर आली. घंटेपाशी पोचली. धापा टाकत म्हणाली,

"घंटाबाई, घंटाबाई, घण घण वाज.
तू घण घण वाजशील, तर वारा उठेल.
वारा उठेल, तर फांदी सरकेल.
फांदी सरकेल, तर ऊन येईल.
ऊन येईल, तर बेडूक उडी मारेल.
बेडूक उडी मारेल, तर तीळ उडेल.
तीळ उडेल, तर चांद्याला देईन.
चांद्याला देईन, तर बट्टी होईल."

घंटा म्हातारी होती. ती हसली नाही. रागावलीही नाही. हळूच म्हणाली, "अगं, बैल गेला आणि झोपा केला, असं माणसं म्हणतात. झोपा म्हणजे गोठ्याचं दार. बैल गेल्यावर दार लावून काय उपयोग? पण तुझा बैल अजून गेला नाही. इथेच आहे. मी आपणहून वाजत नाही. चांद्या मान हलवेल, तर वाजेन. सकाळपासून त्याने मान हलवली नाही. तो उदास आहे. तूच त्याला सांग."

इवलीने वर बघितलं. चांद्याचा कान अगदी जवळ होता. चांद्याचा डोळा अगदी मोठा होता. त्या डोळ्यात इवली दिसत होती. एवढीशी.

चांद्या वाट बघत होता.

इवलीने तोंड उघडलं. आणि मिटलं.

कट्टी असताना कसं बोलायचं? तीळ नाही, गूळ नाही. रिकाम्या हाताने बट्टी कशी म्हणायची? आधी तीळ. मग बोल.

बोल ना गं, इवले! एकच तर शब्द! तीळ राहू दे!

पण इवली बोलली नाही. ती खाली उतरली. डोणीपाशी जाऊन बसली. पाण्यात बघत राहिली.

तेवढ्यात शिरपातात्या आले. "चल रं चांद्या. दिस कलला."

त्यांनी दावं सोडलं. चांद्याला छकड्याला जुंपलं.

चांद्याने एकदा इकडे बघितलं. एकदा तिकडे बघितलं. मग पाय उचलला.

चांद्या चालला.

चांद्या चालला, घंटा वाजली. घण घण, घण घण!
घंटा वाजली, वारा उठला. सूं सूं सूं!
वारा उठला, फांदी सरकली. सळ सळ सळ!
फांदी सरकली, ऊन आलं. लख्ख!
ऊन आलं, बेडकाने उडी मारली. डुबुक!
बेडकाने उडी मारली, तीळ उडाला. टुपुक!

तीळ काठावर पडला. इवलीच्या पुढ्यात.

तीळ आला. आणि चांद्या गेला.

इवलीने तीळ चाटून बघितला. गूळ नव्हता. सगळा विरघळला होता. नुसता तीळ होता. पांढरा आणि ओला.

तरी तिने तो डोक्यावर घेतला. पळाली. तुरु तुरु तुरु! "चांद्या, थांब! चांद्या, थांब!"

मुंगीची हाक केवढी? एवढीशी. छकडा पुढे. इवली मागे. धुळीत चांद्याच्या खुराचे ठसे. एका ठशात उतरायचं. पलीकडे चढायचं. परत उतरायचं. परत चढायचं. दोनच ठसे झाले आणि इवली दमली.

छकडा तर पार चढावर पोचला.

इवली ठशातच बसली. खूप रडली.

आता कोणी काही बोललं नाही. बेडूक गप्प. ऊन गप्प. फांदी गप्प. फांदीचं तर एक पान टपकन गळलं.

वारा तेवढा तिच्याजवळ आला. "इवले, मी आता जागा आहे. काही न्यायचंय का?"

इवलीने तिळाकडे बघितलं. मग म्हणाली, "तीळ नको नेऊस. एक शब्द ने."

"कुठला?"

"बट्टी."

वारा निघाला. सूं सूं सूं! डोणीवरून गेला. शेतावरून गेला. चढावर गेला. चांद्याच्या कानात शिरला.

घण घण, घण घण वाजत होतं, ते थांबलं.

लांबून शिरपातात्यांचा आवाज आला, "आरं चल की चांद्या! मागं काय बघतुयास?"

सगळं शांत झालं. इवली ठशाच्या काठावर चढली.

आणि लांबून, अगदी लांबून, एकदाच वाजलं.

घण.

चांद्याने मान हलवली होती. इवलीला कळलं तो काय म्हणाला. "इवले, आहेस का गं?"

इवलीने डोळे पुसले. जोरात ओरडली, "आहे की रे!"

मग घण घण, घण घण. छकडा चढ चढला. पलीकडे उतरला. मग ऐकू येईना.

इवलीने तो तीळ खाल्ला नाही. चांद्याच्या खुराच्या ठशात ठेवला. वर चिमूटभर माती घातली.

आता कोणी रुसलं, तर इवली उद्यासाठी थांबत नाही. तीळ शोधत नाही. गूळ शोधत नाही. तुरु तुरु तुरु जाते. आधी "बट्टी" म्हणते. बाकी सगळं मग.

चांद्या पुन्हा येईल का? इवलीला माहीत नाही. आपल्यालाही माहीत नाही. पण रोज संध्याकाळी ती त्या ठशापाशी जाऊन बसते. कोणी हाक मारत नाही. घंटा वाजत नाही.

तरी इवली हळूच म्हणते, "आहे की रे!"

घंटा गेली गावाला,
गोष्ट आली निजायला.