टेम्पोतून पडलेलं मशीन

चिपळूणच्या बिनव्याजी पतपेढीचे व्यवस्थापक परकारसाहेब येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे, "व्याज आम्हाला हराम! तुम्हाला हवी ती वस्तू आम्ही विकत घेतो आणि नफा धरून तुम्हाला विकतो. हा व्यापार आहे."

शिवणकामावर घर चालवणाऱ्या जुलेखाबींनी त्यांच्याकडे शिलाई मशीन मागितलं. पतपेढीने ते कोल्हापुरात घेतलं, पण येताना घाटात टेम्पोतून पडून त्याचे दोन तुकडे झाले.

"नशीब तुमचं!" साहेब म्हणाले. "हप्ते मात्र एक तारखेपासून भरायचे."

जुलेखाबींनी शांतपणे विचारलं, "साहेब, तुम्ही सांगितलेली अंडी वाटेतच फुटली, तर अंडीवाल्याला पैसे द्याल?"

"का म्हणून? माझ्या हातात कुठे आली?"

"मग मशीन तरी माझ्या हातात कुठे आलं? ते तुमचं होतं, तर नुकसान तुमचं. माझं होतं म्हणाल, तर तुम्ही मला काय विकलंत? नुसते पैसेच दिलेत की! मग वरचा नफा म्हणजे व्याजच झालं."

आठवड्यात पतपेढीच्या खर्चाने नवं मशीन जुलेखाबींच्या दारात आलं.

त्यावर त्यांनी पहिली शिवली ती साहेबांच्या खुर्चीच्या उशीची खोळ. "मेहेरबानी, साहेब. घर सावरलं माझं."

साहेब खुर्चीतून उठले आणि त्यांनी दोन्ही हातांनी ती खोळ घेतली.

"मेहेरबानी तुमची, बी. वीस वर्षं मी व्यापार व्यापार म्हणत होतो. केला मात्र पहिल्यांदाच."