म्हादबाचा उतार

एका उंच डोंगरगावात म्हादबा नावाचा एक भोळा माणूस होता. आमच्याच घराण्यातला, म्हणून मोकळेपणानं सांगतो. देव अक्कल वाटत होता तेव्हा आम्ही सगळे जेवायला बसलो होतो.

त्याच्या दारासमोर फरशीचा उतार. मोरीचं पाणी त्यावर यायचं आणि पौषात पहाटे त्याचा बर्फ व्हायचा. एकदा सासूबाई आल्या नि सपशेल आडव्या झाल्या. उठल्या त्या लेकीला, सगुणाला, घेऊन निघाल्याच. "आधी उतार धड करा, मगच पोरगी नांदायला येईल."

म्हादबाला घास गोड लागेना. आई म्हणाली, "मीठ टाक रे, मिठानं बर्फ धरत नाही."

सकाळी आईच घसरली. "मेल्या, मीठ किती टाकलंस?"

"चवीपुरतं."

"अरे, मूठमूठ फेकायचं! हात आखडायचा नाही!"

दुपारी आई म्हणाली, "आमटीत मीठ घाल." त्यानं हात आखडला नाही. ती आमटी म्हशीनंही हुंगून सोडली.

आईनं कपाळ बडवलं. "मिठाचं राहू दे. मुळात पाणी साचू देऊ नकोस. साचलं की ओतून दे."

म्हादबानं शोधलं. रांजणात साचलेलं, हंड्यात साचलेलं, कळशीतही साचलेलं. सगळं दारातून ओतून दिलं. दुसऱ्या दिवशी गावची पोरं उतारावर घसरगुंडी खेळायला आली.

"घरातलं नव्हे रे, देवा! उतारावरचं! उतारावर काही थांबलेलं दिसलं, की खराट्यानं खाली लोटायचं. विचार करत बसायचं नाही."

विचार करायचा नाही म्हटल्यावर काम सोपं झालं. आठ दिवस खराटा हातातून सुटला नाही. उतार ठणठणीत कोरडा. आईला भरून आलं, सासूबाईंना निरोप गेला.

सगुणा झपाझप वर आली, नवऱ्याकडे बघून हसली. म्हादबाच्या जिवात जीव आला. मागून सासूबाई चढत होत्या. "छान केलात हो उतार, जावईबापू," म्हणाल्या, आणि दम खायला मध्येच थांबल्या.

थांबल्या! म्हादबानं विचार केला नाही.

सासूबाई थेट खालच्या पेंढ्याच्या गंजीत जाऊन बसल्या.

"अगं आई गं!" म्हणत सगुणा खाली धावली. अर्ध्या उतारावर तिला नवऱ्याचा असा संताप आला, की चार शब्द सुनावायला ती वळून थांबली.

म्हादबाच्या हातात खराटा होताच.