खुंटीवरची साखळी

"मग सगळे त्या नितनवऱ्याचंच नाव का घेतात, बाबा?"

चाँदशा फकीर विहिरीच्या काठावर बसून दोराचा पीळ सारखा करत राहिले.

विचारणारे धायगुडे साहेब. जिल्ह्याच्या कचेरीत संगणकाची खरेदी त्यांच्या हातात. बाबांना गुरू मानायचे. शेजारच्या जिल्ह्यात तेच काम नितनवरे बघायचा. दोघं बरोबरच नोकरीला लागलेले.

"त्यानं केलं काय एवढं? एक अट घातली. सॉफ्टवेअर कुठल्याही कंपनीचं असो, संगणकातला कागद उघडला पाहिजे. बस्स."

"अन् तू?"

"मी सगळ्यात भारी कंपनी आणली."

"मग?"

"...कंपनी बुडाली. कागद आहेत, पण तिच्या सॉफ्टवेअरशिवाय उघडत नाहीत. लोक येतात, शिव्या घालून जातात. काल बायकोसुद्धा म्हणाली, नितनवरे भाऊजी हुशार हो!"

बाबा हसले.

"हसू नका. उद्या मुंबईला बैठक आहे. त्याची अट साऱ्या राज्याला लावायची म्हणतात. मी विरोध केला की बारगळलीच."

"करणार?"

"त्याच्या गळ्यात हार मी का घालू?"

"...ऊन फार आहे. पाणी काढ."

साहेबांनी दोर सोडला. थोडा काथ्याचा, थोडा नायलॉनचा, मधेच पिळलेलं लुगडं. पाणी खाली गेलं की येणाऱ्यानं आपला तुकडा जोडून जायचं, अशी तिथली रीत. बादली कुठलीही चालायची.

पाणी गार होतं. पिता पिता साहेबांचा हात एका गाठीवर थांबला. तुकडा नवा होता.

"हा कुणाचा? नितनवरे आला होता का इथं?"

"आला असेल."

"त्यानंच बांधला ना?"

"तहान लागली असेल त्याला."

मग साहेबांची नजर विहिरीलगतच्या भिंतीकडे गेली. त्यांनीच वाहिलेली स्टीलची साखळी तिथं टांगलेली. पितळी पट्टीवर त्यांचं नाव. तिची कडी फक्त तिच्याच बादलीला बसायची. बादली फुटली, तेव्हापासून साखळी खुंटीवर.

"बाबा... उद्या काय बोलू मी?"

बाबा सावकाश उठले. साखळी काढून आणली. खांद्यावरच्या फडक्यानं नावावरची धूळ पुसली अन् ती साहेबांच्या मांडीवर ठेवली.

"बघ लेकरा. जरासुद्धा झिजली नाही."