हिरवा चौकोन

"पण सर, चौकोन हिरवा असताना आणखी काय बघायचं राहिलं?"

केतकी शेडगेने हे विचारलं तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. पाच वाजता मिरजेतल्या एका इस्पितळात रक्ततपासणीचे अहवाल छापणारा प्रोग्रॅम पोचवायचा होता.

लतीफ शिकलगार सर तिच्या मागे उभे होते. पस्तीस वर्षं याच कामात गेलेला माणूस. निवृत्त झाले होते, तरी आठवड्यातून दोनदा येत. कंपनीतली पोरं काय शिकायची ती त्यांच्याकडेच.

प्रोग्रॅम तीनशे चाळीस फाइलींचा होता. त्या सगळ्यांतून चालता प्रोग्रॅम तयार करायचा, म्हणजे बिल्ड करायचा, तर पावणेदोन तास लागत. केतकीने महिनाभर खपून एक टूल लिहिलं होतं. ते बदललेल्या फाइली टिपून ठेवी, तेवढ्याच नव्याने तयार करी आणि बाकीच्या जुन्याच वापरी. काम बारा सेकंदांत उरके. सगळं ठीक असलं की भिंतीवरच्या स्क्रीनवर हिरवा चौकोन. बिघडलं की तांबडा.

सव्वीस दिवसांत तांबडा चौकोन कुणी पाहिला नव्हता. केतकीला याचा अभिमान होता आणि ती तो लपवतही नव्हती.

"आत्ता त्याने काय तयार केलं?" सरांनी विचारलं.

"काहीच नाही. काही बदललेलंच नाही ना."

"कोण म्हणतं?"

"टूल म्हणतं."

"हं…"

सरांनी खुर्ची ओढली.

"लहान मुलांच्या हिमोग्लोबिनची मर्यादा ज्या फाइलीत आहे, ती उघड."

तिने उघडली. सरांनी सावकाश, फाइलीच्या मधोमध एक ओळ टाइप केली. 'आज ऊन फार आहे.'

केतकी हसली. "सर, हे काही कोड नाही. अशाने बिल्ड फुटणार, तांबडा येणार."

"फुटायलाच हवा. कर."

तिने बटण दाबलं. बारा सेकंद गेले.

चौकोन हिरवा.

तिने पुन्हा दाबलं. पुन्हा हिरवा…

खाली कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती चालू होईना.

कारण सापडायला दहा मिनिटं लागली. मर्यादांच्या फाइली मध्यंतरी नव्या फोल्डरमध्ये हलवल्या होत्या आणि टूल तिकडे बघतच नव्हतं. आधी तयार झालेली जुनी प्रत हाताशी होती. दर वेळी तीच जोडून ते सगळं ठीक असल्याचं कळवत होतं.

केतकीला आठवलं. इस्पितळातल्या डॉक्टर वैशंपायन बाईंनी चार दिवसांपूर्वी नेमकी हीच मर्यादा दुरुस्त करून घेतली होती. दुरुस्ती फाइलीत होती, प्रोग्रॅममध्ये नव्हती. एखाद्या आजारी पोराच्या अहवालावर 'ठीक' छापून आलं असतं.

"सर, निदान ओरडा तरी मला."

"ओरडून फाइली तयार होतात का?"

सरांनी आपली ओळ पुसली. केतकीने टूल बाजूला ठेवलं आणि सगळा प्रोग्रॅम पहिल्यापासून बिल्डला लावला. मग इस्पितळात स्वतःच फोन केला. चूक माझी आहे, आज देता येणार नाही, उद्या सकाळी घेऊन येते.

"बरं झालं, आधी सांगितलंत," डॉक्टर बाई म्हणाल्या. "दहाला या."

दुसऱ्या दिवशी दहाला ती गेली. तिथेच बसून एक अहवाल छापला, आकडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आणि मगच उठली.

पुढचा आठवडा तिने टूलवर घालवला. आता ते एकही फोल्डर सोडत नसे. स्क्रीनवर चौकोनाखाली ओळी उमटत. किती फाइली नव्याने तयार केल्या, किती जुन्याच ठेवल्या आणि त्या कशाच्या भरवशावर ठेवल्या. पूर्वी छान दिसायचं, असं शेजारच्या टेबलावरून कुणी म्हणालं. तिने ते मनावर घेतलं नाही.

सर आले तेव्हा तिने त्यांच्यापुढे कीबोर्ड सरकवला.

"काहीही लिहा सर. कुठेही लिहा."

सरांनी लिहिलं. तिने बटण दाबलं.

चौकोन तांबडा झाला, आणि केतकीला इतका आनंद झाला की ती स्वतःच खाली जाऊन दोन चहा घेऊन आली.

चहा पिता पिता ती म्हणाली, "सर, तो हिरवा चौकोन काढूनच टाकावा म्हणते. त्यानेच मला झोपवलं."

"राहू दे."

"कशाला?"

सरांनी शेवटचा घोट घेतला. कप खाली ठेवला…

"तांबडा दिसला की सगळेच उठतात. हिरवा दिसला की तू उठत जा."