बुवांच्या मांडीवरची पिशवी

नगरपालिकेच्या शाळेत दर शुक्रवारी नववी-दहावीच्या मुलांचं 'मोकळं मंडळ' भरे. वयात येणं म्हणजे काय, मुलग्याला मुलगाच आवडला तर ते पाप का, असे घरी विचारायची सोय नसलेले प्रश्न मुलं तिथे विचारत. त्यावरून गावभर बोंब झाली. महिन्याभरात पाचव्यांदा पालकांचा घोळका खोलीत शिरला, तेव्हा मुख्याध्यापिका गवाणकरबाईंचं डोकंच उठलं.

या खेपेला पुढे दिगंबरबुवा होते. अकरा वर्षं दर गुरुवारी याच शाळेत त्यांचा संस्कारवर्ग चाले. मांडीवर कापडी पिशवी घेऊन ते ऐसपैस बसले.

"बाई, मंडळ आजच बंद करा. धर्म बुडाला! आठवड्याला तासभर असलं ऐकलं की पोरं तशीच होणार."

"नुसतं तासभर ऐकून?"

"मग! कानावर पडतं तेच अंगात मुरतं."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बुवा, पिशवीत काय आहे?"

"चपला," बुवा गुरकावले. "सवयच लागलीय. गुरुवारी वर्गाबाहेर काढल्या की चोरीला जातात."

"कोण नेतं?"

"कोण नेणार? माझ्या वर्गातलीच कार्टी!"

"अकरा वर्षं तुम्ही त्यांना 'चोरी करू नये' शिकवताय," बाई म्हणाल्या. "ते मुरलं, की चपला बाहेर काढून या. मग बंद करते माझं मंडळ."

मागे कुणीतरी फस्सकन हसलं. बुवा पिशवी काखोटीला मारून तरातरा निघाले, ते थेट फाटकापर्यंत अनवाणीच.