मऊ कात

लई जुनी गोष्ट हाय. तवा मी जन्मलो नव्हतो, म्हणून गोष्टीत खोटं मिसळायला कुणीच नव्हतं.

जांभळाच्या ढोलीत एका पाखराचं पिल्लू दिवसभर एकटंच असायचं. आई चाऱ्याला जाताना सांगायची, "कुणी आलं की सापावानी फुस्स कर." पिल्लानं फुस्स केलं की कावळा पळायचा, खार पळायची.

एक दिवस खरीच धामण आली. पिल्लू ढोलीत मागं सरकलं अन् बोललं, "फुस्स!"

"आगं बाई, आपल्यातलंच हाय की कुणी!" धामण हरखली. "लई दिसांनी आपल्या मानसाचा आवाज ऐकला. भाईर ये की लेकरा."

"कात टाकतोय, मावशी. उघडा हाय, लाज वाटती."

"बरं बाबा, न्हाई बघत," म्हणून ती तोंड फिरवून बसली. मग रोज दुपारी यायची, ढोलीभाईर बसून मनातलं बोलायची. आतनं पिल्लू फुस्स फुस्स करत हुंकार द्यायचं.

पंख फुटले तसं एका सकाळी ते भुर्रकन उडून गेलं.

दुपारी धामणीनं हाक मारली. कुणी बोललं न्हाई. तिनं डोकावून बघितलं, तर आत चार पिसं पडलेली.

"कात लई मऊ हाय रं तुजी," ती म्हणाली. "पर जाताना मावशीला सांगून तरी जायचं."